नाडी आणि खुर्ची

भाद्रपद वद्य २, शके १८३०. धार.
ऑफिसात खुर्चीवरून उठताना पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी. छातीत धडधड, तळहात ओले. शेजारच्या टेबलावरचे गणपतराव म्हणाले, पित्त असेल, आवळा खा. हा गृहस्थ सर्वांना आवळाच सांगतो. माझे दुखणे नर्व्हचे आहे. बुद्धिमान माणसांनाच होते, असे एका इंग्रजी मासिकात वाचले.

वद्य ३.
निश्चय: रोगाचे नाव लेखी मिळवायचे. दसऱ्याच्या दरबारात आम्ही कारकून दोन-अडीच तास उभे असतो. सर्टिफिकेट आणल्यास खुर्ची मिळेल, असे हेडक्लार्क बापूसाहेब म्हणाले. म्हणजे, "बघू" म्हणाले. दरबारात खुर्ची मानकऱ्यांनाच असते, पण मानाचा विचार माझ्या मनातही नाही. सरदारांच्या मागची रांग चालेल.
सौ. सुभद्रेने विचारले, घरी कशी कधी चक्कर येत नाही? घरी मी उठतोच कुठे, हे तिच्या ध्यानात नाही.

वद्य ६.
वैद्यबुवा म्हणाले, वात. पटले नाही. वात काय, कोणालाही असतो. उद्या देवासला निघतो. तिथे डॉक्टर आहेत, आणि सौ.चे बंधू श्रीपादही.

वद्य ९. देवास.
दोन दिवस टांग्यात. टांगेवाला वाटभर "भिया, आराम से" म्हणत खड्ड्यांतूनच नेत होता. तरी तब्येत ठणठणीत. फार वाईट लक्षण. आता डॉक्टरला दाखवू काय?

वद्य १०.
इथे एका गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती; मधून रस्ता. थोरल्या पातीकडच्या डॉक्टरांनी बाकावर निजवून नाडी पाहिली. बहात्तर. म्हणाले, काही झालेले नाही, आणि तसे लिहूनही दिले. इतका अपमान आजवर कोणी केला नव्हता.
तसाच रस्ता ओलांडून धाकट्या पातीकडच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा बाक मोडलेला, म्हणून नाडी उभ्यानेच पाहिली. एकशे बावीस! पहिला कागद दाखवला, तर पलीकडचे कागद आपण वाचत नाही म्हणाले.

वद्य ११.
श्रीपादांनी दोघांना चहाला बोलावले. आधी कोणी यायचे यावर अर्धा तास गेला. शेवटी दोघे दोन दारांनी आले. एकाने मला निजवले, दुसऱ्याने उठवले. असे सात वेळा. सातव्यांदा मी श्रीपादांच्या अंगावर कोसळलो, तेव्हा एकमत झाले: ऑटोनॉमिक नर्व्हचा दोष. उठताना रक्त पायांत राहते, वर चढत नाही. एकदम उठू नका, असेही काहीसे म्हणाले. मी सर्टिफिकेटांवरची शाई वाळवत होतो.
प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहून दिले. मला दोन सर्टिफिकेटे! 'ऑटोनॉमिक' हा शब्द गणपतरावांच्या तोंडून एकदा तरी वदवून घेईन.

आश्विन शुद्ध ५. धार.
खुर्ची मंजूर. शेवटची रांग, खांबाजवळ, वेताची. गणपतरावांना तीनदा सांगितले. प्रत्येक वेळी "वा, छान" म्हणाले. जळतात. नवी पगडी बांधायला टाकली.

शुद्ध ११. अंथरुणात.
काल दरबारात बसलो. सारे कारकून उभे, गणपतराव माझ्या शेजारीच घामाघूम. मी पायावर पाय टाकला. खरे लिहितो, लग्नातही इतका आनंद झाला नव्हता.
मग चोपदाराने ललकारी दिली. सरकारस्वारी आली. बसलेले सरदार उठले. ललकारीला ताठ होण्याची बावीस वर्षांची सवय; मी सर्वांच्या आधी ताडकन उठलो.
पुढचे ऐकीव आहे. मला वेताच्या खुर्चीसकट बाहेर आणले म्हणतात. पगडी अजून सापडलेली नाही. सौ.ने पाय चेपले. मला रडू आले. तिला सांगितले, डोळ्यांत गुलाल गेला.

शुद्ध १३.
बापूसाहेब घरी येऊन गेले. पुढील सर्व दरबारांतून मला हजेरी माफ.
खुर्ची गणपतरावांना मिळाली. मला झेलताना त्यांची कंबर धरली. त्यांना सर्टिफिकेट लागले नाही. साऱ्या दरबाराने पाहिले होते.