मशीन पुन्हा न उघडण्याच्या हमीपत्राबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वाढीव वॉरंटी विभाग,
ग्राहक सेवा कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : ग्राहकाची पत्नी (ग्राहक हयात नाहीत).

विषय : कपडे धुण्याच्या मशीनची दुरुस्ती मंजूर करताना घातलेली अट माझ्याकडून पूर्ण करून घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले नामंजुरीचे पत्र.
२) आपले 'विशेष बाब' म्हणून मंजुरीचे पत्र.
३) आपल्या कार्यालयाकडून दर सोमवारी येणारा मेसेज.

महोदय,

याआधीचे माझे अर्ज त्रोटक होते, म्हणून गैरसमज झाला असावा. या वेळी सर्व सविस्तर लिहीत आहे. अर्ज लांबला तर क्षमा असावी.

१. आमचे मशीन पाणी भरून घेते आणि तसेच उभे राहते. आपले तंत्रज्ञ येऊन गेले. त्यांनी मागचे झाकण काढले, आत टॉर्च मारला आणि आतला बोर्ड गेला असल्याचे सांगितले. मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो काढला, झाकण लावले व चहा न घेता गेले. पुढच्या आठवड्यात आपले नामंजुरीचे पत्र आले. 'मशीन अनधिकृत व्यक्तीने उघडल्याचे आढळल्याने वॉरंटी रद्द' या कारणापुढे खूण केलेली होती. पत्रासोबत तो फोटोही होता.

२. उघडल्याची बाब खरी आहे. मशीन माझ्या पतींनी उघडले. मशीन घरात आले त्याच संध्याकाळी उघडले. माझे पती दुरुस्तीचे दुकान चालवत. नवीन वस्तू घरात आली की ती वापरण्याआधी आतून बघून घ्यायची, ही त्यांची पद्धत होती. पंखा, इस्त्री, भिंतीवरचे घड्याळ, काहीही सुटले नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या वडिलांनी दिलेला मिक्सर उघडून ओट्यावर मांडला होता. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापूंना आमचा भरवसा नाही का?" वास्तविक माझ्या पतींचा भरवसा कारखान्यावर नव्हता. घाईत पिळलेला एखादा तरी स्क्रू सापडतोच, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तो सापडायचा.

३. वाढीव वॉरंटीबाबत त्यांचे मत आपल्या विभागाला रुचणार नाही, तरी नोंदवते. दुकानात येणारी गिऱ्हाईके हटकून विचारत, घ्यावी का हो? ते प्रत्येकाला एकच सांगत. "जे बिघडायचं ते पहिल्या काही महिन्यांत बिघडतं, तेव्हा कंपनीची वॉरंटी असतेच. नाहीतर पार म्हातारं झाल्यावर बिघडतं, तेव्हा कुठलीच नसते. मधली धडधाकट वर्षं तुम्हाला विकत देतात. घेऊ नका." आमच्या घरी तर हा प्रश्नच नव्हता. मी कधी विषय काढला की ते म्हणत, "मी आहे ना. वॉरंटी कशाला?" आमच्या संसारात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे त्याकडे लक्ष देणे सोडून दिले होते.

४. हे मशीन आम्ही दोघांनी जाऊन घेतले. त्या आठवड्यात त्यांचा एक रिपोर्ट यायचा होता. तो ते एकटेच जाऊन घेऊन आले आणि "काही विशेष नाही" म्हणून कपाटात ठेवून दिला. मशीनच्या दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीने पाठ केलेले सगळे म्हणून दाखवले आणि शेवटी विचारले, "सर, वाढीव वॉरंटी हवी का?" मी हसण्याच्या तयारीत होते. आता ते तिची शाळा घेणार, असे मला वाटले. ते म्हणाले, "द्या. पाच वर्षांची द्या." मी त्यांच्याकडे बघितले. ते माझ्याकडे न बघता पाकिटातून कार्ड काढत होते. मला रिपोर्ट तिथे कळला. घरी येताना रिक्षात आम्ही साबण कुठला घ्यावा याबद्दल बोललो.

५. त्याच संध्याकाळी, मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर मशीन भिंतीकडून फिरवलेले, मागचे झाकण खाली ठेवलेले आणि हे आत डोके घालून बसलेले. सील तुटलेले होते. मी म्हटले, "अहो, वॉरंटी घेतलीत ना आज?" त्यांनी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिले. मग म्हणाले, "हात गेला गं." एरवी यापुढे ते 'मी आहे ना' म्हणाले असते. त्या दिवशी म्हणाले नाहीत. झाकण लावून मशीन परत भिंतीला लावले आणि जेवायला बसले. आयुष्यात एकदाच वॉरंटी घेतली, ती त्यांच्या हातून संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. यात कंपनीची फसवणूक करण्याचा हेतू नव्हता, एवढेच निदर्शनास आणायचे आहे.

६. आपण पाठवलेल्या फोटोत एका वायरला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसते. वायर पत्र्याच्या कडेला घासत होती, म्हणून ती लावलेली आहे. पट्टीचे टोक दुमडलेले आहे. माझे पती नेहमी टोक दुमडून ठेवत, म्हणजे पुढे जो कोणी उघडेल त्याला ते नखाने सहज पकडता येते. त्यांनी ती आपल्या तंत्रज्ञांची सोय केली होती. बिघाड बोर्डात आहे, वायरमध्ये नाही, हे आपल्याच अहवालात लिहिले आहे.

७. माझ्या दुसऱ्या अर्जानंतर आपण विशेष बाब म्हणून दुरुस्ती मंजूर केली, त्याबद्दल आभार. त्यात अट अशी आहे की 'ज्या व्यक्तीने मशीन उघडले, तिने यापुढे ते उघडणार नसल्याचे हमीपत्र स्वतःच्या सहीने द्यावे.' मी आपल्या कार्यालयात फोन केला. फोनवरची मुलगी समजूतदार होती. तिने ऐकून घेऊन वाईट वाटल्याचे सांगितले व माझ्या पतींची सही का मिळू शकत नाही, यासाठी तिच्यासमोर तीनच पर्याय असल्याचे सांगितले : ग्राहकाचा नकार, ग्राहक कामात, ग्राहक बाहेरगावी. तिने मलाच विचारले, "मॅडम, काय टाकू?" मी म्हटले, तुम्हाला योग्य वाटेल ते टाका. तिने 'बाहेरगावी' टाकले. तेव्हापासून दर सोमवारी त्यांच्या परतण्याची तारीख कळवण्याविषयी मेसेज येतो.

८. घरी माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, कधी दोनदा. त्यांच्या लक्षात काही राहत नाही. मशीनचा आवाज येत नाही हे मात्र राहते. त्या विचारतात, "मशीन बंद का गं? त्याला सांग की, बघेल आल्यावर." मी बरं म्हणते. ते बाहेरगावी आहेत, या बाबतीत आपले कार्यालय आणि माझ्या सासूबाई यांचे एकमत आहे. घरात वेगळे मत असलेली मी एकटीच उरले आहे.

९. बाहेरच्या मेकॅनिकलाही दाखवले. हा बोर्ड फक्त कंपनीकडेच मिळतो, असे तो म्हणाला. त्यामुळे आपल्याखेरीज इलाज नाही. मला राग आलेला नाही. आपण फोनवर पाठवलेल्या प्रश्नावलीत 'आपला अनुभव कसा होता' असे विचारले होते, तेव्हाही मी बराच वेळ काही दाबू शकले नाही. रडूही येत नाही. चादर पिळताना मनगट दुखते, तेवढे समजते. त्यांनी ही वॉरंटी माझ्यासाठी घेतली होती. ती माझ्या उपयोगी पडावी, एवढेच मला हवे आहे.

१०. आपण मागितलेले वाक्य लिहायला मला इतका वेळ का लागला, असा प्रश्न आपल्याला पडेल. दाखल्यावर ते दुसऱ्या शब्दांत लिहिलेले आहे, पण ते नगरपालिकेने लिहिले आहे. मी अजून कुठे लिहून दिले नव्हते. त्यांचे स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी आहेत. काल सासूबाई झोपल्यावर मी मशीन भिंतीपासून ओढले, धूळ पुसली आणि परत लावून टाकले.

सबब, ग्राहकाच्या सहीऐवजी माझी सही ग्राह्य धरण्यात यावी, ही विनंती. हमी खालीलप्रमाणे :

मी लिहून देते की, माझे पती हे मशीन यापुढे उघडणार नाहीत. नवीन घेतले तर तेही उघडणार नाहीत. बोर्ड बसवताना आपल्या तंत्रज्ञांना चिकटपट्टी आड आल्यास त्यांनी ती दुमडलेल्या टोकाने सोडवावी व काम झाल्यावर परत तशीच लावावी. या हमीला मुदत नाही.

आपली विनम्र,
(सही)
ग्राहकाची पत्नी

दिनांक : सोमवार, आपला मेसेज आल्यानंतर.

सोबत :
१) वाढीव वॉरंटीचे कार्ड, मूळ प्रत.
२) मृत्यूचा दाखला, सत्यप्रत.
३) चिकटपट्टीचा फोटो. हा आपलाच आहे, तरी काम झाल्यावर मला परत मिळावा.