सगुणाच्या खुब्यातले स्क्रू

मु. धरमतर, ता. पेण

प्रिय सगुणा,

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. धरलाच असशील तर मैना हे वाचून संपवेपर्यंत तरी जरा बाजूला ठेव. मैना, पोरी, आईला सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

इकडे ठीक आहे. भाकरी मीच थापतो, कडेला कच्ची राहते, ती कोंबड्या खातात. शेजारचा जनू रोज विचारतो, वहिनी कधी येणार. मी म्हणतो, पाय बरा होऊ दे आधी. तो गेला की मी दाराकडे बघत बसतो. पावसाळ्याआधी नवी बसवलेली बिजागरी भुगा होऊन हातात आली. या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही हे तुला सांगायला नको. म्हणून तर आपण मिठागरात मीठ ओढायला लाकडाचं अवजार घेतो, खिळ्याच्या जागी खुंटी ठोकतो.

आणि डॉक्टरने तुझ्या मोडक्या खुब्यात स्क्रू घातले.

ऑपरेशन झालं तेव्हा त्याने हाडाचा फोटो उजेडासमोर धरला होता. कपाटाला असतात तसेच स्क्रू, आटेसुद्धा दिसत होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, हे आत गंजले तर? तू चालता चालता पुन्हा कोसळलीस तर? म्हणून तुला रोह्याला मैनाकडे ठेवलं, तिथली हवा खारी नाही. मैनाला सांगितलं, आईच्या कालवणात मीठ कमी घाल. तू ताट सरकवलंस तेही कळलं. दिवाळीत जावई कमळाकर तुला इकडे आणून सोडायला निघाले, तर मीच निरोप धाडला, एवढ्यात नको. त्यावर तुझा उलटा निरोप आला, "म्हाताऱ्याला इचारा, घर माझं हाय का नाय." त्या दिवशी मला घास उतरला नाही. पण कारण सांगितलं असतं तर तूही घाबरली असतीस. मी घाबरलो होतो तेवढं पुरे होतं.

परवा हिय्या केला. एसटीने रोह्याला आलो तो थेट दवाखान्यात. तुझ्याकडे आधी आलो नाही, कारण डॉक्टर वाईट काही बोलला असता तर तुला तोंड कसं दाखवलं असतं? फडक्यात बांधून नेलेली बिजागरी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, साहेब, आमच्याकडं लोखंडाचं असं होतं, माझ्या बायकोचं काय होईल? तो हसला नाही. म्हणाला, "बाबा, घाम कधी तोंडात गेलाय?" म्हटलं, आगरात जन्म गेला, रोजच जातो. "कसा लागतो?" म्हटलं, खारट. "रक्तही तसंच असतं. ते स्क्रू पहिल्या दिवसापासून खाऱ्यातच आहेत. वेगळ्या धातूचे आहेत ते, तुमच्या बिजागरीसारखे गंजायचे नाहीत." मग तुझ्या गेल्या तपासणीतला नवा फोटो दाखवला. हाड जुळायच्या आधी भार पडत राहिला, तर तार वाकवून वाकवून तुटते तसा स्क्रू तुटू शकतो म्हणाला. तुझं हाड जुळलंय. आता भार हाडच घेतंय. मी विचारलं, मग स्क्रू काढायचे का? तर म्हणाला, "राहू देत. तुम्हा दोघांपेक्षा जास्त टिकतील."

बाहेर येऊन मी पायरीवर बसलो तो उठवेना. चहावाला म्हणाला, "आजोबा, बरं वाटत नाय का?" म्हटलं, लय बरं वाटतंय रे.

तिथून तुझ्या दारापर्यंत आलोही होतो. तू मागच्या अंगणात मैनावर ओरडत होतीस, कालवण अळणी झालं म्हणून. आवाज ऐकून पुढं पाऊल टाकवेना, डोळे भरून आले होते. जावयांसमोर तसं कसं यायचं? परत फिरलो.

आता मैनाला सांग, मीठ नेहमीसारखं घाल. आणि घरी ये गो. बांधावरची वाट अरुंद होती, तुला काठी टेकत जड गेली असती. जनूने आणि मी माती टाकून ती रुंद केलीय, दोघं शेजारी चालू इतकी. मी न्यायला येतो, कधी येऊ तेवढं कळव. मैनाकडून रागाचे चार शब्द लिहून घेतलेस तरी चालेल, पण लवकर कळव.

तुझाच,
केरू