माझ्या नावाने फिरणारी लिंक

१४ नोव्हें. २०१३, गुरुवार. आमगाव
बारशाचा मंडप. शिडीवर उभा राहून झालर बांधत होतो, खिशात मोबाइल वाजला. नवगढ या खेळाच्या चॅटवर गोलूचा निरोप. (फुलचूरचा गोलू. पहिलीपासून सोबत, टोळीतही माझ्यानंतरचा पहिला गडी.) "भाई, कंपनी सोन्याचं शिंग दे रही. सिर्फ लीडर को. आजच्या दिवस. ही लिंक."
शिंग फुंकलं की समोरच्याच्या भिंती अर्ध्या होतात. २४ला रायपूरवाल्यांशी लढाई. आपली झाडी टोळी चौदा महिन्यांत पहिल्यांदा शेवटच्या फेरीत. आता कोण थांबतो. शिडीवरूनच लिंक उघडली. नवगढचंच पान, तोच लाल दरवाजा. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पान नुसतं फिरत राहिलं.
खालून मालक, "भिंगऱ्या, झालर बांधून राहिला का पोराचं नाव शोधून राहिला?"
शिंग मिळालं की पहिले टोळीतल्या सारसला दाखवीन. तो काही बोलणार नाही म्हणा.

१५ नोव्हें., शुक्र.
शिंग नाही. आतच जाता येत नाही. पासवर्ड चूक म्हणतो. मेल उघडून पाहिला, तोही चूक. दोन्हीकडे एकच पासवर्ड, म्हणजे दोन्ही गेले.
संध्याकाळी गोलूच्या मोबाइलवरून पाहिलं. 'भिंगरी' ऑनलाइन. हिरवा ठिपका. मी इथं ओट्यावर बसलोय आणि मी तिकडं खेळतोय. खरं सांगायचं तर मजा वाटली, आपल्याच घराच्या खिडकीतून आपल्यालाच पाहावं तशी.
गोलूला म्हटलं, लिंक कायले पाठवली बे?
"मी कायले पाठवू? माह्यंच खातं बुधवारपासून उघडत नव्हतं. हे पाहा, काल नवीन काढलं."
"मंग सांगितलं काऊन नाही?"
"तू आमगावले होता. म्हटलं आला की सांगू."
म्हणजे गोलूचं घर फोडलं, गोलूच्या दारातून मला हाक मारली, आणि मी धावत गेलो. हुशार आहे साला. मानलं.

१६ नोव्हें., शनि.
आता खरा घोर. टोळीच्या कोठाराला दोन किल्ल्या. एक लीडरची, म्हणजे माझी. एक सारसची. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. बावीस लोकांनी चौदा महिने जमवलेलं सगळं त्यात. दगड, तोफा, सगळं. चोराकडे एक किल्ली आली. तो आता माझ्या नावाने सारसला लिंक पाठवणार. सारसने उघडली की लढाईआधीच आपण संपलो.
आणि सारस कोण, हे कोणालाच माहीत नाही. अर्जुनी मोरगावकडचा, एवढंच एकदा बोलला होता. फोन नंबर नाही.
'भिंगरी२' नावाने नवीन खातं काढून सगळ्यांना लिहिलं, जुना भिंगरी चोर आहे, त्याची लिंक उघडू नका. पाच मिनिटांत जुन्या भिंगरीने लिहिलं, "भिंगरी२ चोर आहे. माझं नाव लावून फिरतो. तक्रार करा."
लोकांनी तक्रार केली. माझ्याच लोकांनी. भिंगरी२ बंद पडला.
हसावं का रडावं. गोलू हसला.

१७ नोव्हें., रवि.
आणखी एक. टोळीतल्या नऊ जणांचे मेल राजूभाऊने काढून दिलेले. राजूभाऊचा कॅफे रेल्वे फाटकाजवळ होता, तिथंच आम्ही शिकलो. मेल काय असतो कोणाला माहीत होतं? त्याने प्रत्येकाला विचारलं, "नाव सांग," आणि बाकी स्वतःच भरलं. सगळ्यांची जन्मतारीख एक जानेवारी. सगळ्यांचा पासवर्ड, नाव आणि पुढे १२३. मोबाइल नंबर सगळ्यांचा एकच, राजूभाऊचा. आम्ही खूश, एवढं सोपं लक्षात राहतं. एकमेकांच्या खात्यात जाऊन खेळातलं शेत राखायचो, कोणी गावाला गेला तर.
एक सापडला की नऊ सापडले. चोराने अजून हिशोब लावला नसेल तर नशीब.
सहा जण गोंदियातच. मी आणि गोलू सायकलवर डबल सीट, एकेकाच्या घरी. समोर बसवून पासवर्ड बदलून घेतले. एकाने विचारलं, "तू खरा भिंगरीच आहेस ना?" मी त्याच्या घरी दोनदा जेवलोय.
सहा झाले. गोलू अन् मी धरून आठ. नववा सुखलाल, दरेकसाला, रेल्वेत गँगमन. फोन लागत नाही. उद्या निघतो. मंडपवाल्याला सांगितलं, पोट दुखतं.

१८ नोव्हें., सोम. दरेकसा
सकाळच्या पॅसेंजरने. सालेकसा सुटलं की जंगल डब्यात शिरतं. उतरून विचारलं तर सुखलाल रुळावर, खांद्यावर हातोडी. नेटवर्क फक्त टेकडीवरच्या एका खडकावर, तिथं रोज ड्युटी सुटल्यावर बसून खेळतो. कॅफेत कधी गाठ पडली नव्हती, चॅटवर दोनदा बोललो असेन, म्हातारा असेल वाटलं होतं. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा.
खडकावर चढलो. मोबाइलला दोन दांड्या आल्या आणि निरोप धडाधड पडले. त्यात 'भिंगरी'चा, "सुखलालभाई, शिंग ले लो."
मी शेजारी बसलेला. निरोप माझ्या नावाचा.
सुखलाल म्हणाला, "काल दिसता तं मी उघडलं असतं. तुह्यं नाव पाहून कोन विचार करते?"
पासवर्ड बदलला. मग तो म्हणाला हाजरा धबधबा जवळच आहे. गेलो. पाणी कमी होतं पण काय जागा. परतीची गाडी गेली. सुखलालच्या क्वार्टरमध्ये मुक्काम. त्याच्या बायकोने भात आणि मोहरीची भाजी वाढली.

१९ नोव्हें., मंगळ.
परत. मंडपवाल्याने काढून टाकलं. बरं झालं, वेळ मिळाला.
गोलू सांगतो, काल चोराने टोळीतून चौघांना बाहेर काढलं. जे जे "खरा भिंगरी कोण" म्हणून विचारत होते तेच. मी टेकडीवर असताना इकडं माझ्या नावाने माझे लोक जाऊन राहिले.
माय म्हणाली, "खेळच आहे ना तो? मंग एवढा कायले धावून राहिला?"
काय सांगू. दहावीत दोनदा बसलो, तीन कामं सोडली. बावीस लोक ज्याचं ऐकतात असं एकच ठिकाण आहे. हे तिला नाही बोललो. म्हटलं, धावायला आवडते.

२१ नोव्हें., गुरु. अर्जुनी मोरगाव
काल बल्लारशाच्या गाडीने निघालो होतो, सौंदडला एक जण भेटला, त्याच्या ट्रकवर धानाची पोती चढवायला लागलो, त्यातच संध्याकाळ. आज पोचलो.
सारसला शोधायचं कसं? विचार केला, खेळणारा नेट लागेल तिथंच असेल. दोन कॅफे पाहिले. तिसरीकडे 'टायपिंग, जेरॉक्स, लॅमिनेशन' पाटी. काउंटरवर चाळिशीची बाई, चष्मा, कोणाचा तरी जातीचा दाखला मशीनवर उलटा ठेवत होती. मागच्या कॉम्प्युटरवर नवगढचा लाल दरवाजा.
मी म्हटलं, जयभीम ताई, इथं सारस नावाने कोण खेळते?
तिने दाखला नीट केला. गिऱ्हाइकाला दिला. मग, "कोन विचारते?"
"भिंगरी."
"भिंगरी तं आता ऑनलाइन हाय. तीन दिवसांपासून शिंग देऊन राहिला मले."
"तो चोर आहे. लिंक उघडली का?"
"नाही."
जीव भांड्यात. पण ती पुढे म्हणाली, "तू चोर नाही कशावरून? मी त्याचंही तोंड पाह्यलं नाही, तुह्यंही नाही."
बरोबर होतं. काय पुरावा देऊ? आधार कार्डावर भिंगरी लिहिलेलं नसते.
तिने खुर्ची सरकवली. "बस. सरावाचा गड उघडते. भिंत बांधून दाखव."
बसलो. पूर्वेची भिंत घेतली. अर्ध्यात आठवलं, विहीर राहिली. विहीर खणताना बुरुजावर तोफ दिसली, ती फिरवली. मग जंगलात हरीण...
मागून हसण्याचा आवाज. "उठ. तूच हायस. चौदा महिने तुह्या अर्ध्या भिंती मीच पुऱ्या करून राहिली. अन् तो तीन दिवस एकच गोष्ट मांगते. तू एका गोष्टीवर तीन मिनिटं राहत नाही. तवाच समजली होती, पन पाहून घेतलं."
वंदनाताई नाव. नवरा वीज मंडळात, दुकान हिचं. एवढे दिवस मी 'सारसभाई, गोळा मार' लिहायचो. तिने कधी सांगितलं नाही. "कायले सांगू? बाई हाय कळलं की लिंका सोडून फोटो मागता तुमी लोक."
चहा पाजला. आजवर कोणी माझ्या अर्धवटपणाची ओळख म्हणून नोंद घेतली नव्हती.

२२ नोव्हें., शुक्र.
रात्री अर्जुनीतच थांबलो. सकाळी आधी इथल्या प्रतापगडावर (पुस्तकातला तो नाही, आमच्या जिल्ह्यातला) जाऊन आलो, एवढ्या जवळ आलोय तर. वरून धानाची शेतं, अर्धी कापलेली.
मग दुकानात. वंदनाताईने स्वतः टाइप करून कागद काढून ठेवला होता. मजकूर असा: "लिंक मित्राच्या नावाने आली तरी मित्राला विचारल्याशिवाय उघडू नये. विचारायचं चॅटवर नाही. फोनवर आवाज ऐकायचा, नाही तर घरी जायचं. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, लीडरलाही नाही." वीस प्रती. एक तिने दुकानाच्या दारावर चिकटवली, शाळेच्या परीक्षेच्या वेळापत्रकाखाली.
"आता तुह्यं खातं कसं आणशील?"
मेल परत मिळवायला मोबाइलवर कोड येतो. नंबर राजूभाऊचा. राजूभाऊ कॅफे बंद करून भिलाईला गेला.
"मंग शोध त्याले. रविवारी पाचला लीडर हजर नसला तं गड गेला समज. किल्ली मी सांभाळते, पन लीडर मी नाही."

२३ नोव्हें., शनि. गोंदिया
राजूभाऊचा नवा नंबर त्याच्या जुन्या घरमालकाकडून मिळाला. बोलला. पहिले तर ओळखलंच नाही, मग, "अरे भिंगऱ्या, अभी तक वही गेम?"
जुनं सिम? "वो तो मैंने पुराने हँडसेट के साथ मौसी को दे दिया." मौसी देवरीच्या पुढे, चिचगड रस्त्यावरच्या गावात. नंबर चालू आहे.
मी उडालोच. लगेच लावला. फोन उचलला.
"मावशी, तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तो मला वाचून दाखवा."
पलीकडून छत्तीसगढीत, "मैं तोला नइ चिन्हँव बेटा." ओळखत नाही म्हणाली. राजूभाऊचं नाव सांगितलं. म्हणाली, राजूनेच तर सांगितलंय, फोनवर कोणाला काही नंबर सांगायचा नाही. राजूभाऊने भिलाईहून लावून पाहिला, तर त्यालाही तेच. आवाज राजूसारखा आहे पण नंबर राजूचा नाही, असं म्हणून फोन ठेवला.
मोबाइल हातात धरून बसलो. खिशात वंदनाताईचा कागद. आठवडाभर दारोदार जाऊन लोकांना जे सांगत होतो तेच म्हातारीने मला केलं. आणि कोड मागणारा अनोळखी माणूस आता मी.
तिसऱ्यांदा लावला तेव्हा म्हणाली, "घर आ. मुँहु देखहूँ, तब." घरी ये, तोंड पाहीन, मग.
उद्या पहिली बस.

२४ नोव्हें., रवि. मावशीच्या अंगणात
देवरीहून पुढची जीप भरल्याशिवाय हलेना. पोचलो दीड वाजता. मावशी शेतावर. शेजारणीने खाट टाकून दिली. बसलो. दीड तास बसलो, हलायचं नाही असं ठरवून, आयुष्यात पहिल्यांदा. समोर कोंबड्या. एकदाही उठून गाव पाहायला गेलो नाही, हे गोलूला सांगितलं तर खरं वाटणार नाही.
गोलू गोंदियात कॅफेत बसलाय. मी फोन केला की तो बटण दाबणार, इथं कोड येणार, मी त्याला वाचून दाखवणार. कोड दहा मिनिटं टिकतो. वंदनाताईचा दुपारी फोन, "चोरानं आणखी तिघं काढले. तुले सोडून आपन चौदा उरलो. ये लवकर. भिंती मी पाहून राहिली."
तीन वाजता मावशी आली. डोक्यावर भारा, कमरेला विळा. भारा उतरवला, माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ. मी राजूभाऊचं लग्न सांगितलं, कॅफे सांगितला, त्याच्या डाव्या भुवईवरची खूण सांगितली. ती ऐकत हात धूत राहिली.
घाईत गोलूला फोन केला. दाब म्हटलं.
तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल वाजला. आला कोड.
तिने पिशवीवर हात ठेवला. काढला नाही. आत गेली, ताट घेऊन आली, माझ्यासमोर ठेवलं. भात, वरण, वांग्याची भाजी. म्हणाली, आधी जेव, जेवताना माणूस कळतो.
तीन वाजून बारा मिनिटं. जेवेपर्यंत हा कोड गेला तर गोलू पुन्हा दाबेल, पाचला वेळ आहे. वही बाजूला ठेवतो. हात धुवायला उठतो.