मिराबेल अजून चालते

प्रिय नोबुहिको,

तुझ्या कंपनीने काढलेली आणि तू बाबांच्या गळ्यात मारलेली ती मोटार अजून चालते. अभिनंदन! कंपनीने तीन वर्षांतच तिचा गाशा गुंडाळला, पण आपल्या दारात ती चोवीस वर्षं ठाण मांडून बसली आहे. त्र्याऐंशी वर्षांचे बाबा रोज तिच्यात बसून शेतकरी संघाच्या दुकानात जातात. आता त्यांना थांबवायला हवं, हे साऱ्या गावाला कळतं. थांबवत मात्र कुणी नाही.

आणि नाव काय, तर म्हणे मिराबेल! गावात एकालाही ते धड उच्चारता येत नाही. जाहिरातीत सात माणसं आत बसून हसत होती. सात! मागच्या बाकावर बसायचं तर गुडघे घरी ठेवून यावं लागतं. पुढच्या दोन सीटांमध्ये ते घडीचं टेबल. त्यावर चहा ठेवला की पहिल्याच वळणाला मांडीवर. सरकता दरवाजा हिवाळ्यात उघडत नाही नि उन्हाळ्यात लागत नाही. त्या दरवाजावर तू दोन वर्षं काम केलंस असं बाबा अजून पाहुण्यांना सांगतात. मी तोंड फिरवून हसते.

कंपनीने तुम्हा सगळ्यांना सांगितलं, आपापल्या नातेवाइकांत गाड्या खपवा. तू नवा सूट घालून, मिठाईची खोकी घेऊन गावभर वाकून वाकून नमस्कार करत फिरलास. बाबा, काका, ओगाता गुरुजी, शेजारच्या इशिबाशीसान, सगळ्यांनी घेतली. आवडली म्हणून नव्हे, शाळेपासून पाहिलेल्या मुलाला नाही कसं म्हणायचं म्हणून. गाडी बंद झाल्याचं पेपरात आलं तेव्हाही कुणी अवाक्षर काढलं नाही. काका तर म्हणाले, "छान चालते हो, अगदी छान," आणि तिला झाडाखाली उभी करून सायकलवर बाजारात गेले.

आणि तू? तू लाजून तोंड लपवलंस. ओबोनच्या सणाला सगळे आपापल्या पितरांची थडगी धुवायला येतात, तुझं मात्र कुरिअरने मिठाईचं खोकं येतं. आईच्या अंत्यविधीला टॅक्सीने आलास नि दुपारच्याच रेल्वेने परतलास, वाटेत तू खपवलेली एखादी गाडी दिसू नये म्हणून. काय हा अभिमान! एक दरवाजा नीट जमला नाही म्हणून माणूस बापाचं घर सोडतो? खरं सांगते, मला त्या गाडीपेक्षा तुझीच जास्त कीव येते.

गावातल्या बाकीच्या मिराबेल एकेक करून भंगारात गेल्या, आणि बाबांनी प्रत्येकीचे सुटे भाग काढून घेतले. काकांच्या गाडीचे दिवे, गुरुजींच्या गाडीचा आरसा. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी आली की हामादा गॅरेजचा मेकॅनिक मान खाली घालून म्हणतो, "आजोबा, या वेळी जरा अवघड आहे." बाबा त्याच्याहून खाली वाकतात. मग तो बिचारा ती पास होईपर्यंत दुरुस्त करत बसतो.

गेल्या मंगळवारी बाबांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. मिराबेल संघाच्या दुकानासमोरच्या भाजीच्या फळ्यांवर चढली. इशिबाशीसान तिथेच मुळे निवडत होत्या, सुटे पैसे द्यायला आत वळल्या म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी बाबा मिठाईची खोकी घेऊन घरोघरी माफी मागायला गेले. आणि या गावाचा शहाणपणा बघ. मरता मरता वाचलेली बाई म्हणते कशी, "छे छे, फळ्या जुन्याच होत्या." पोलीसही म्हणाला, "लायसन्स परत करायचा विचार, म्हणजे सवडीने, केलात तर..." सवडीने! मला त्या सगळ्यांना धरून हलवावंसं वाटलं.

मी सरळ म्हटलं, "बाबा, मी भंगारवाल्याला बोलावते." ते ओसरीवर बूट काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमिए, ही गाडी वाईट आहे, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कंबर मोडते माझी. पण मी ती टाकली असती तर नोबुला कळलं असतं. मग तो घरी कसा आला असता?" आणि मला बजावलं, हे त्याला कळवायचं नाही.

मी कळवते आहे. तुला लाज वाटू नये म्हणून एकजण ती चालवतो आणि लाज वाटते म्हणून दुसरा येत नाही, असे दोन मूर्ख माझ्याच नशिबी यावेत! पुढची तपासणी चोवीस तारखेला आहे. बाबांनी मेकॅनिकला सांगून ठेवलंय, आणि तो नाही म्हणणार नाही. पुढच्या वेळी फळ्यांपाशी कुणीतरी उभं असेल. मी चारदा किल्ली मागितली, चारही वेळा त्यांनी ती खिशात आणखी खोल ढकलली. म्हणून हे पत्र. तपासणीच्या आधी ये. मिठाई आणू नकोस, वाकू नकोस. त्यांच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग, "बाबा, आम्ही भिकार गाडी बनवली होती." तुझ्याकडून एवढं ऐकलं की ते किल्ली देतील. तुझ्याच हातात देतील.

तुझीच, अजून रागावलेली,
सुमिएताई