काळ्या नांग्या

रविवार, संध्याकाळ

सापडला! पंधरा दिवस माझ्या माशांच्या काचेच्या टाकीतली प्रवाळं कुरतडणारा खेकडा आज पकडला. त्याचं नाव अजून कुणालाच माहीत नाही. नेटवर फोटो टाकला, तर पाच जणांनी पाच नावं सांगितली. मला आपल्या रोज दगडाच्या भोकातून त्या काळ्या टोकांच्या नांग्या तेवढ्या दिसत होत्या.

नवरा मुंबईहून फोनवर म्हणाला, "सगळी टाकी रिकामी कर." दोन वर्षं जपलेली प्रवाळं बादलीत काढू? मुळीच नाही! मी रोज टाकीत ग्लास तिरका ठेवून त्यात आमिष म्हणून ताजी कोळंबी टाकायचे. ती मासेच फस्त करायचे.

सासूबाईंचं माहेर समुद्रकाठचं बुरोंडी. आज त्या टाकीसमोर बसल्या. "अगो, ताजं कशाला घालतेस? सुकट फडक्यात बांध. माशांना मिळायची नाय, नि कुर्ली वासाला बरोबर येल." तासाभरात काळ्या नांग्या ग्लासात! गुळगुळीत काच, वर चढताच येईना. मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

आता इथे कबूल करते. तो माझ्यामुळेच आला. समुद्र दाराशी असताना दगड विकत कोण घेतो? टाकीतला तो भोकाचा दगड भाट्याच्या किनाऱ्यावरून मीच उचलून आणला होता. नवऱ्याला मात्र दुकानातला म्हणून सांगितलंय.

खेकडा भाट्याच्या किनाऱ्यावरच सोडून आले. निघताना एक सुंदर दगड दिसला. उचललाच. भोकात डोकावले, तर आत दोन काळी टोकं.

हसत हसत जागच्या जागी ठेवला.