गुरुपादप्पाचा उंबरा

४ मार्च १९९६

आलो एकदाचा नव्या गावात! पुण्याहून बदली मागून घेतली तेव्हा कचेरीत सगळे हसले. हसू देत. मृण्मयी लातूरला अकरावीच्या क्लासला आहे. आई नसलेली पोर, रविवारी एसटीने माझ्याकडे येत जाईल. भूकंपग्रस्तांना नव्या घरांत राहायला शिकवणं हे माझं काम. घर झकास मिळालंय. सिमेंटच्या भिंती, सरळ गल्ली, दारात नळ. पण माणसं! संडासात कडबा भरलाय, चूल अंगणात, खाटा रस्त्यावर. गाढवाला गुळाची चव काय.

६ मार्च

प्रत्येकाने जुन्या गावच्या ढिगाऱ्यातून आपापला दगडी उंबरा उपसून आणलाय आणि चांगलं सिमेंट फोडून दारात बसवलाय. शेजारच्या धोंडाबाईला कारण विचारलं. म्हणाली, समदी घरं सारकीच की साहेब, आमची गेलेली मानसं वळखनार कशी? हसू दाबलं. संध्याकाळी सभेत सुनावलं की नव्या जागी आलात, तर तिथल्या रीतीनं राहायला शिका. मान डोलावून गेले सगळे. पालथ्या घड्यावर पाणी.

९ मार्च

जुन्या गावात चक्कर मारली. कमळ कोरलेला एक देखणा उंबरा मातीत पडून होता. मृण्मयीला अशा कोरीव वस्तूंचं भारी वेड. बैलगाडीतून आणून दारात बसवून घेतला. उद्या तिची परीक्षा आहे, पुढच्या रविवारी येईल आणि खूश होईल.

धोंडाबाई बघायला आली ती मटकन खालीच बसली. गुरुपादप्पाच्या घरचा हाय म्हणे. त्या घरातलं कुनी उरलं न्हाई, म्हनून तो कुनी आनला न्हाई. परत नेऊन ठेवा. मी म्हटलं, कुणी उरलंच नाही, तर तक्रार कोण करणार?

१२ मार्च

दुपारी जेवायला घरी आलो तर फरशीवर पांढऱ्या मातीची पावलं. मोठी, लहान, सगळी आत आलेली. बाहेर जाणारं एकही नाही. माझी खाट ओढून दारापाशी ठेवलेली. हा धोंडाबाईचाच चावटपणा. अडाण्यांचे विनोदही अडाणी.

१४ मार्च

भर दुपारी दिसले. भिंतीला टेकून ओळीने बसले होते, केसांत माती, पापण्यांवर माती. म्हातारी, कर्ता पुरुष, बायको, पोरं. रागावलेले नाहीत. मी ह्या गावाकडे बघतो तसे माझ्याकडे बघत होते. म्हातारीने बोटाने दारापाशी बस म्हणून खुणावलं. आश्रिताला दाखवावी तशी जागा.

मी बसलो. मी, ह्या गावाचा साहेब!

१५ मार्च

पहार घातली. उंबरा हलत नाही. निघून जावं म्हटलं — पाय उंबऱ्यावरून पलीकडे जात नाही. हाका मारल्या. धोंडाबाई आली, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, माझ्या आरपार पाहून हात जोडले. म्हणाली, गुरुपादप्पा, आलास का बाबा घरला.

मी समोर उभा होतो. तिला — मी दिसतच नाही.

१६ मार्च

म्हातारी बोलली. नवा हाईस, आमच्या रीतीनं राहायला शिकशील म्हणाली. माझंच वाक्य. मलाच —

आज ते थोडे सरकले. भिंतीशी एक जागा मोकळी केली. लहानशी. एका पोरीपुरती.

उद्या रविवार.

१७ मार्च

चिठ्ठ्या लिहून फेकतोय, येऊ नकोस, येऊ नकोस — सगळ्या उंबऱ्याच्या आतच पडतात.

एसटी आली. भीती वाटते. देवा, मला ठेव इथे, तिला नको —

हसली. कमळ दिसलं तिला. बाबा, केवढं सुंदर, म्हणते —

ओरडतोय. तोंडात माती —

आणि भिंतीपाशी कुणीतरी माझ्या आवाजात म्हणालं, ये बाळा, आत ये.

तिने पाऊल उच