चोरटा श्वास

दि. ९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत आणि तूही तिकडे तशीच असशील असं धरून चालते. तुझ्या केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की आता तू जेवणावर तुटून पडतेस आणि शेजारणीच्या ताटातलंही पळवतेस. ऐकून जीव भांड्यात पडला. लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचीस तेव्हा मी तुला बदडायचे. आता पळव बाई, हवं तेवढं पळव.

दुकान जोरात आहे. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आल्यामुळे घरभर निळं कापड पसरलंय आणि तुझी भिंगरी त्यातूनच वाट काढत शाळेला जाते. तू विणलेला हिरवा स्वेटर तिला आता बाहीला जेमतेम पुरतो. अभ्यासात मधेच कुठेतरी असते, बडबडीत मात्र पहिली. शाळेतल्या बाईंची तशी तक्रार आली. मी चेहरा गंभीर ठेवला, पण मनातून म्हटलं, लेक कुणाची!

तुझी आठवण काढते. मी तिला ठरलेलं तेच सांगते: आई मालकांबरोबर दौऱ्यावर आहे. (एवढ्या नावाजलेल्या गायकाला तुम्ही कोरसवाल्या ‘मालक’ म्हणता, याचं मला अजून हसू येतं.) परवा विचारत होती, ‘मावशी, दौरा इतका लांबतो का गं?’ मी म्हटलं, ‘गाणी लांबलचक असली की लांबतो.’ तिने मान डोलावली. स्वतःच्या हुशारीवर मी दिवसभर खूश होते.

बाकी विशेष काही नाही. टीव्ही बिघडलाय. रेडिओचे सेल संपलेत. वर्तमानपत्र दारात पडलं की मी लगेच त्यावर बाही नाहीतर कॉलर आखते आणि कात्री चालवते. इतकी वर्षं रद्दीवर कटिंग करत होते, पण ताज्या पानावर ते जास्त चांगलं होतं असा मला हल्लीच शोध लागलाय. भिंगरी म्हणाली, ‘पहिल्या पानाला एवढं मोठं भोक कसलं?’ म्हटलं, ‘बाही आहे ती.’

तू तिथे रेडिओबिडिओ ऐकत नाहीस ना? नको ऐकूस. भाजी चीर, झाडांना पाणी घाल, बाई सांगतील ते कर. आणि एक सांगते, रागावू नकोस. मागच्या दोन्ही वेळा तू उपचार अर्धवट टाकून, बॅग भरून निघून आलीस. या वेळी काहीही झालं, कुणी काहीही येऊन सांगितलं, तरी फाटकाबाहेर पाऊल टाकू नकोस. तसं झालेलं काहीच नाही. मी आपलं उगाच लिहितेय.

उगाच काळजी करणारी,
तुझी ताई

*

दि. १६ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद शेवटी देते, आधी कान पकडते. मालक गेले, हे मागचं पत्र लिहिताना मला माहीत होतं. हॉटेलच्या खोलीत गेले, नशेने गेले, हेही माहीत होतं. टीव्ही ठणठणीत होता. त्याची वायर काढून मी मशीनच्या खणात बॉबिनांखाली दडवली होती. मला एकच भीती होती. तुझ्या कानावर गेलं की तू बॅग भरशील, कुठेतरी जाऊन पुन्हा घेशील आणि मग तुझ्याबद्दलही मला असाच एखादा फोन येईल. आता हे लिहूनच टाकलं.

आणि तू! माझं पत्र पोचायच्या आधीच तुला सगळं कळलेलं. काल समुपदेशक बाईंचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर सकाळपासून एकामागून एक त्यांचीच गाणी लागत होती, तेव्हा तू सुरी खाली ठेवून म्हणालीस म्हणे, “जिवंत माणसाची इतकी गाणी कुणी लावत नाही.” मग खोलीत गेलीस, बॅग भरलीस, फाटकापर्यंत गेलीस. फाटक उघडं होतं. तुला अडवायला कुणीही नव्हतं. आणि तिथून तू मागे फिरलीस, बाईंच्या दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, “आज माझ्याजवळ कुणीतरी बसा.”

धाकटे, मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकासमोरच ढसाढसा रडले. त्या बिचाऱ्याला वाटलं, त्याचा कोट बिघडला.

आता भिंगरीचं ऐक. बसून वाच.

मालक गेले ते इथे, आपल्याच शहरात. आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे तू त्यांच्याबरोबर दूर कुठेतरी दौऱ्यावर! ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला चार दिवस गेले. वर्तमानपत्राला भोकं पाडून काय होणार होतं? शाळेत दुसरा विषयच नव्हता. पोरं मधल्या सुट्टीत त्यांची गाणी म्हणत रडत होती. कुणीतरी कंडी पिकवली की ती नशेची पावडर घेतल्यावर आवाज गोड होतो. तेव्हा मात्र वर्गशिक्षिका बाई घाबरल्या आणि त्यांनी सगळ्या पालकांना वर्गात बोलावलं. मुलांशी नशेबद्दल एकदा नीट बोलू या, म्हणाल्या.

बोलणार कोण? एक वडील उठले, “नशा वाईट असते,” एवढं म्हणाले आणि बसले. एक आई म्हणाली की मुलांसमोर हा विषयच नको. बाकी सगळे बाकावरची शाई खरवडत बसले. त्यात मीही होते. शेवटी बाई म्हणाल्या, आधी त्यांचं गाणं तरी म्हणू या. ते, शेवटी लांबच लांब सूर असलेलं. मुलांनी म्हटलं, पण शेवटच्या सुराला सगळ्यांचा दम एकदमच संपला आणि गाणं फुस्स झालं. मुलं हिरमुसली.

भिंगरी उठली. “थांबा,” म्हणाली. “सगळ्यांनी एकदम श्वास नाही घ्यायचा. शेजारचा गात असला की आपण चोरून घ्यायचा. तो थांबला की आपण धरायचं. ऐकणाऱ्याला कळताच कामा नये.”

पुन्हा म्हटलं. काय सांगू तुला! तो सूर संपेचना. एक पोर थांबतंय, दुसरं धरतंय, आणि वर्ग आपला घुमतोय. शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहिले. 

बाईंनी विचारलं, “कुणी शिकवलं गं हे?”

“आईने. ती त्यांच्यामागे कोरसमध्ये गायची.”

आणि मागच्या बाकावरून एक चष्मेवाला पोरगा म्हणाला, “मग तुझी आईपण घेते का?”

मी अर्धी उठले. तोंडात ‘दौरा’ हा शब्द तयारच होता. भिंगरीने माझ्याकडे बघितलं, लहान बाळाकडे बघावं तसं, आणि म्हणाली, “घ्यायची. आता ती बरं व्हायच्या ठिकाणी आहे आणि बरी होतेय. मावशीला वाटतं, मला माहीत नाही.”

सगळा वर्ग हसला. मग मीही हसले. दुसरं काय करणार?

घरी येताना विचारलं, “कधी कळलं तुला?”

“दौऱ्यावर जाणारी बाई कोरसचा पोशाख कपाटात ठेवून जाते का, मावशी? तूच तर शिवलायस.”

सुईदोऱ्यात जन्म गेला, आणि हे मला सुचू नये! पोशाख रोज डोळ्यांसमोर टांगलेला. म्हटलं, “मग बोलली का नाहीस?” तर म्हणते, “तू इतकी मनापासून सांगायचीस.”

शाळेतल्या बाईंनी नंतर वर्गात कॉम्प्युटरवर जुन्या कार्यक्रमाचं चित्रीकरण लावलं. सगळी मुलं मालकांकडे बघत होती. भिंगरीने पडद्यावर बोट ठेवलं आणि ठणकावून सांगितलं, “ते नाही, मागे बघा. डावीकडून दुसरी. ती माझी आई.”

मुलांनी तुला प्रश्न लिहून पाठवलेत, सोबत जोडते. झेपलं तर उत्तर दे, नाही तर राहू दे. तुझा पोशाख मी काढलाय. शिवणीच्या आत जादा कापडाची माया भरपूर सोडलेली होती, ती आता उसवून सैल करते, कारण केंद्रातल्या बाई म्हणाल्या की तुझं अंग भरलंय. इतक्या आनंदाने मी आजवर एकही शिवण उसवली नव्हती.

पोटभर आशीर्वाद.

खोटं बोलण्यात साफ नापास झालेली,
तुझी ताई

*

दि. २८ मार्च

सहावीतल्या मुलामुलींनो,

नमस्कार. तुमच्या प्रश्नांचा कागद मी इतक्यांदा वाचलाय की तो घडीवर फाटायला आलाय. सगळ्यात आधी त्या चष्मेवाल्याला शाबासकी. तू विचारलंस तेच मोठ्या माणसांनी मला तोंडावर विचारायला हवं होतं. ते आपसांत कुजबुजत राहिले आणि मला तेच सोयीचं होतं.

‘नशेने आवाज गोड होतो का?’ नाही. मी त्यांच्या मागेच उभी असायचे, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये. शेवटी शेवटी वरचे सूर त्यांना लागत नसत. ते सूर आम्ही कोरसवाल्या गायचो आणि ते नुसते ओठ हलवायचे. लोक टाळ्या वाजवायचे. पडद्यामागे आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

‘मजा येते का?’ खोटं सांगितलं तर तुम्ही पुढे माझं काहीच ऐकणार नाही, म्हणून खरं सांगते. सुरुवातीला बरं वाटतं. गायच्या आधी मला भीती वाटायची, ती गेली. मग भूक गेली. झोप गेली. एकदा भिंगरी शाळेच्या दारात माझी वाट बघत उभी राहिली आणि मला ती आठवलीच नाही. मजा केव्हाच संपली होती, घेणं मात्र संपत नव्हतं. तेव्हा कुणी म्हणालं की ‘एकदाच घेऊन बघ’, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मलाही ‘एकदाच’ असंच सांगितलं होतं.

‘मालक वाईट होते का?’ मुळीच नाही. मला सर्दी झाली की गरम पाण्याचा थर्मास स्वतः आणून द्यायचे. ते आजारी होते. त्यांची गाणी आवडत असतील तर खुशाल ऐका, रडू आलं तर रडा. मीही रडले. पण त्यांच्याभोवती एवढी गर्दी असताना, माझ्याजवळ बसा असं त्यांनी कुणालाच म्हटलं नाही. पुढे एकट्याने गाणाऱ्याला वाटतं, आपण थांबलो की गाणं संपलं. आम्हा कोरसवाल्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात की दम संपला तर थांबायचं, लाजायचं नाही, शेजारची धरते. फाटकापाशी मला नेमकं तेच आठवलं आणि मी मागे फिरले.

मी इथे श्वास घेत होते तेवढा वेळ माझी मुलगी आणि माझी ताई सूर धरून होत्या. ताई जरा बेसूर होती, दौऱ्याचं भलतंच गाणं गात होती, पण तिने सोडलं नाही.

जिने नाव न घालता, ‘मैत्रीण घेत असेल तर कुणाला सांगू का?’ असं विचारलंय, तिला सांगते: ही चुगली नव्हे. ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला आजच सांग. मैत्रीण रुसेल. रुसू दे. रुसायला ती असली पाहिजे ना!

‘तुम्ही पूर्ण बऱ्या झालात का?’ हे असं असतं की रोज सकाळी उठून नव्याने जिंकावं लागतं. काल जिंकले. आज जिंकले. आता मला जिंकायचीच चटक लागलीय. हसा, हसा. इथल्या बाईही हसल्या.

गुरुवारी मी घरी येतेय. बॅग तीच आणि फाटकही तेच, पण या वेळी अख्खं केंद्र मला फाटकापर्यंत सोडायला येणार आहे. शुक्रवारी तुमच्या वर्गात येईन, ताईने सैल केलेला पोशाख घालून. भिंगरी विचारत होती, ‘आई, तुला कुठे उभं करू?’ मला पुढे उभं करू नका. तुमच्या मध्ये करा. आपण ते गाणं म्हणू, शेवटच्या लांब सुरासकट. मध्येच मी गप्प झाले तर घाबरू नका. मी श्वास घेत असेन. तेवढा वेळ तुम्ही धरा. मी आलेच.

तुमच्या भिंगरीची आई,
डावीकडून दुसरी